बजीला भाजी खायला कशी लावायची (दाणे बंद न करता)

बजी म्हणजे बजरीगर, तो चिमुकला पोपट, पाळणाऱ्या जवळपास प्रत्येक घरी एकच रडगाणं असते. पालक टाकला, गाजर टाकलं, सांभार (कोथिंबीर) टाकला, ढुंकूनही बघितलं नाही, संध्याकाळी सुकलेली पानं उचलून फेकली, आता कंगनीच (राळं) देतो, जाऊ द्या. मग कोणीतरी शहाणा भेटतो आणि सांगतो की दोन दिवस दाणे बंद करा, भूक लागली की झक मारून खाईल. हे शेवटचं आधी डोक्यातून काढून टाका. बजी ३०-४० ग्रॅमचा जीव आहे, त्याच्या अंगात साठवण काहीच नसते, एक अख्खा दिवस उपाशी राहिला तरी तो धोक्यात येतो, आणि गंमत म्हणजे समोर भाजीचा ढीग असला तरी तो उपाशीच राहील कारण ते खायचं असते हे त्याला माहीतच नाही.

सगळा मुद्दा इथंच आहे. बजी नखरे करत नाही. दुकानातून आणलेला पक्षी पिंजऱ्यात जन्मलेला असतो, त्याच्या मायबापानं त्याला कंगनी-बाजरी भरवली, त्याच्या लेखी अन्न म्हणजे बारीक, गोल, कोरडं आणि टरफल सोलून खायचं. तुम्ही जे हिरवं ओलं फडफडणारं पान पिंजऱ्यात खोचता ते त्याच्यासाठी अन्न नाही, एक अनोळखी वस्तू आहे, कधीकधी तर सरळ धोका. म्हणून पान खोचल्यावर काही पक्षी दुसऱ्या टोकाला जाऊन अंग आखडून बसतात. त्याला भाजीची ओळख करून द्यायची आहे, आणि ओळख उपाशी ठेवून होत नसते.

ओळख कशी होते हे त्याच्या मूळ स्वभावातून कळते. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मैदानी भागात रानातले बजी थव्यानं फिरतात, जमिनीवर उतरून गवताच्या बिया खातात, आणि एकानं चोच मारली की बाकीचे मारतात. म्हणजे आपल्या हातात तीन गोष्टी आहेत, भाजीचा आकार, ती ठेवायची जागा आणि सोबत खाणारं कोणीतरी. खालची सगळी पद्धत ह्या तिघांवरच उभी आहे.

एवढा खटाटोप काहून करायचा

कारण नुसत्या कंगनी-बाजरीत व्हिटॅमिन ए जवळजवळ नसते, कॅल्शियम कमी, आयोडिन कमी. पक्षी वरून टवटवीत दिसतो, वर्ष-दोन वर्षं काही कळतही नाही, आणि मग एकेक सुरू होते. व्हिटॅमिन ए कमी पडलं की नाक-घसा-श्वासनलिकेचं आतलं अस्तर खराब होते, सारखी सर्दी, शिंका, नाकपुडी चिकटलेली. आयोडिन कमी पडलं की गळ्यातली थायरॉइड सुजते, आवाज बदलतो, श्वास घेताना शेपूट वरखाली होते. आणि जे लोक मिक्स दाण्यात सूर्यफूल भरपूर घालतात त्यांच्या पक्ष्यांच्या लिव्हरवर चरबी चढते, छातीवर चरबीच्या गाठी येतात. भाजीनं ह्यातलं व्हिटॅमिन ए सगळ्यात छान भरून निघते. कॅल्शियमसाठी समुद्रफेस (कटलफिशचं पांढरं हाड) पिंजऱ्यात कायम लटकलेला पाहिजे आणि आयोडिनचा वेगळा ब्लॉक, ते काम भाजीवर सोडू नका.

सुरू करायच्या आधी

नवीन आणलेला पक्षी असेल तर निदान दोन आठवडे काहीच बदलू नका, दुकानात खात होता तेच दाणे द्या, घराचे आवाज, माणसं, कुलर, मिक्सर ह्याची सवय होऊ द्या. आजारी असेल, पिसं फुगवून बसत असेल, किंवा अंड्यावर बसलेली मादी असेल तर आत्ता नाही. कपाळावर चोचीपर्यंत आडव्या रेघा असलेलं पिल्लू असेल तर मात्र लॉटरी लागली समजा, पहिली पिसं गळायच्या आधी म्हणजे साधारण तीन-चार महिन्यांच्या आत हे पक्षी नवीन खाणं फार पटकन घेतात.

मग वजनकाटा. हे कोणी करत नाही आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. किचनमधला डिजिटल काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा चालते, सोनारी काम करणारे वापरतात तो छोटा पॉइंटवाला मिळाला तर अजून चांगला. सकाळी पहिली शी झाल्यावर आणि खायच्या आधी वजन करायचं. हातावर येणारा पक्षी असेल तर काट्यावर दांडी ठेवून त्यावर बसवा, येत नसेल तर छोट्या पुठ्ठ्याच्या डब्यात घाला आणि डब्याचं वजन आधी शून्य करून घ्या. कागदावर लिहून ठेवा. ३५ ग्रॅमचा पक्षी साडेतीन ग्रॅम उतरला म्हणजे दहा टक्के गेले, तिथं सगळं थांबवून आधीसारखे दाणे सुरू करायचे आणि डॉक्टरला दाखवायचं. दोन-तीन आठवडे रोज वजन केलं की तुम्हालाच कळेल की पक्षी खरंच खातोय की नुसता चोच मारून नाटक करतोय.

अजून एक, दाण्याची वाटी रोज फुंकून बघा. बजी दाणा सोलून टरफल तिथंच टाकतो, त्यामुळे वाटी काठोकाठ भरलेली दिसते आणि आत नुसती टरफलं असतात. भाजीच्या नादात लोक हे विसरतात, बाप्पा.

दाणे बंद नाही, दाण्यांना वेळ

पिंजऱ्यात चोवीस तास वाटी भरलेली असेल तर नवीन काही चाखायचं कारणच उरत नाही. म्हणून दाणे मोजून आणि वेळेवर. एका पक्ष्याला दिवसाला दीड ते दोन चहाचे चमचे पुरतात, तुमचा पक्षी नेमके किती खातो ते आधी चार-पाच दिवस टरफलं वेगळी करून पाहून घ्या.

रात्री पिंजरा झाकला की दाण्याची वाटी काढून घ्या, ह्यानं झुरळं आणि उंदीरही कमी येतात. सकाळी उजाडलं की पक्षी सगळ्यात भुकेला असतो, त्या वेळी आधी भाजी लावायची आणि पाऊण-एक तासानं दाणे द्यायचे. एवढंच. सुरुवातीला हा तास दोन तासांच्या पुढे ओढायचा नाही, भाजीला तोंड लावो न लावो. संध्याकाळी झोपायच्या आधी पोटभर दाणे हवेतच, कारण रात्र लांब असते आणि हिवाळ्यात नागपूरची रात्र गारही असते, रिकाम्या पोटी एवढ्याशा जिवाला ऊब धरता येत नाही.

पहिली भाजी कोणती

माझं मत विचाराल तर सांभारच. स्वस्त आहे, कोपऱ्यावरच्या ठेल्यावर मिळते, पानं बारीक आहेत, दांडी लवचिक आहे, आणि मुख्य म्हणजे झुलते. बजीला हलणाऱ्या बारीक गोष्टीला चोच मारायची खाज असते. पालक लोक पहिला देतात आणि तिथंच फसतात, एवढं मोठं गुळगुळीत पान बघूनच पक्षी बिचकतो, शिवाय पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते म्हणून तो रोज द्यायचाही नाही, आठवड्यातून एखाद वेळ ठीक. लाल माठ, चवळाई, उन्हाळ्यातली चिवळ, अंबाडी ह्यांचंही तसंच, कधीतरी चिमूटभर. मेथी मात्र चांगली. शेवग्याची पानं तर सोनं आहेत, अर्ध्या नागपूरच्या अंगणात शेवगा आहे आणि आपण फक्त शेंगा तोडतो, पानं बारीक आहेत, व्हिटॅमिन ए आणि कॅल्शियम दोन्ही आहे, अख्खी डहाळीच लटकवता येते.

भाजी आणल्यावर धुण्याचं काम नीट करायचं. माणसाला जेवढी फवारणी पचून जाते तेवढी ह्या ३५ ग्रॅमच्या पक्ष्याला पचणार नाही. मोठ्या भांड्यात दोन लिटर पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकून दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, मग नळाखाली दोन-तीनदा चांगली खळखळून घ्या. कॉटन मार्केटमधून पहाटे आणलेली असो की गोकुळपेठेतून संध्याकाळी, धुतल्याशिवाय नाही. कुंडीत सांभार आणि मेथी लावता आली तर प्रश्नच मिटला, दोन्ही कुंडीत सहज येतात. रस्त्याच्या कडेचं गवत, तरोटा, ओळखीचं वाटणारं कुठलंही रानटी रोपटं तोडून देऊ नका, तिथं काय फवारलंय आणि कोणत्या कुत्र्यानं पाय वर केलाय कोणाला माहीत.

कशी लावायची

पाच-सहा काड्यांची छोटी जुडी करा, पाण्यानं चिंब ओली ठेवा, आणि पक्षी जिथं जास्त वेळ बसतो त्या दांडीच्या बाजूला, त्याच्या डोळ्याच्या किंचित वर, कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं जाळीला अडकवा. वाटीत ठेवू नका. वाटी म्हणजे दाणे हे त्याला पक्कं माहीत आहे, तिथं हिरवं दिसलं की त्याला वाटते आपलं जेवण बिघडवलं. ओली ह्यासाठी की बऱ्याच बजींना ओल्या पानांवर अंग घासून आंघोळ करायला आवडते, आणि अंग घासता घासता चोच लागते, पाण्याचा थेंब पितात, पानाचा तुकडा तोंडात जातो. खायला सुरुवात अशी आंघोळीतून होते आणि मालकाला वाटते हा नुसता खेळतोय. खेळू द्या. पान फाडून खाली फेकणं हीसुद्धा प्रगतीच आहे.

ज्याला जुडीची भीती वाटते त्याच्यासाठी ती आधी पिंजऱ्याच्या बाहेर, हातभर लांब अडकवा. दोन दिवस बाहेर, मग जाळीला बाहेरून चिकटून, मग आत पण दूरच्या कोपऱ्यात, मग दांडीजवळ. हे कंटाळवाणं आहे, आणि ह्याच टप्प्यावर निम्मे लोक सोडून देतात.

तुम्ही खा

हसू नका, ह्यानंच सगळ्यात जास्त काम होते, विशेषतः एकटा पक्षी असेल तर. त्याचा थवा म्हणजे तुम्ही. पिंजऱ्यासमोर खुर्ची टाका, हातात गाजराचा तुकडा किंवा सांभाराची काडी घ्या, चावा, चघळा, आवाज करा, त्याला देऊ नका. द्यायची घाई केली की तो सावध होतो. तुम्ही खाताय आणि त्याला मिळत नाहीये हे दिसलं की मान लांब करून बघायला लागतो. आणि तीच काडी मग सहज जाळीतून आत सरकवून द्यायची आणि तिकडं बघायचंसुद्धा नाही. घरात पोट्टे असतील तर हे काम त्यांना द्या, ते मोठ्यांपेक्षा जास्त मन लावून करतात, फक्त तर्री-पोह्याच्या प्लेटीतलं काही त्याला देणार नाहीत एवढं बघा, मीठ आणि तेल हे दोन्ही बजीसाठी नाही.

भाजी खाणारा दुसरा बजी कोणाकडं असेल आणि दोन्ही पक्षी निरोगी असतील तर पिंजरे शेजारीशेजारी ठेवा, माणसाच्या दहा युक्त्यांपेक्षा एक शिकवणारा पक्षी बरा. पण नवीन पक्षी घरात आणला तर आधी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवायचा, शिकवायच्या घाईत आजार आणू नका.

थाळी

बजी जमिनीवर खाणारा पक्षी आहे आणि आपण त्याला उंच वाटीत जेवायला लावतो. पिंजऱ्याच्या तळाशी, दांडीच्या खाली येणार नाही अशा ठिकाणी (नाहीतर वरून शी पडते) स्टीलची सपाट ताटली ठेवा. त्यात आधी नुसती कंगनी पसरा. दोन-चार दिवसांत तो खाली उतरून टिपायला लागला की कंगनीत किसलेलं गाजर टाका, अगदी चिमूटभर, कंगनीच्या दाण्याएवढं बारीक, आणि वरून दाबून पिळून कोरडं केलेलं. ओलं गाजर टाकलं तर दाणे चिकटतात आणि तो ताटलीच सोडून देतो. दाणा टिपताना गाजराचा कण तोंडात येतो, आधी जिभेनं बाहेर ढकलतो, मान झटकतो, पुन्हा दाणा घेतो. असं चालू द्या. चार-पाच दिवसांनी भाजी थोडी वाढवा, दाणे थोडे कमी करा, आणि ज्या दिवशी तो ताटली सोडून बसला त्या दिवशी पुन्हा एक पायरी मागे या.

ओले दाणे आणि भाजी एकत्र आली की ती लवकर आंबते, म्हणून ताटली दोन तासांत उचलायची, उन्हाळ्यात तासाभरात. घड्याळात अलार्म लावा.

ताटलीत काय काय जाऊ शकते ते सांगतो. गाजर, लाल भोपळा म्हणजे आपलं कोहळं, रताळं हे केशरी त्रिकूट व्हिटॅमिन ए साठी सगळ्यात भारी, कोहळं आणि रताळं वाफवून, बिनमिठाचं, थंड करून. सिमला मिरची, लाल मिळाली तर हिरवीपेक्षा चांगली, आणि तिच्या बियांचा गुच्छ तर बजी आधी फस्त करतात. ब्रोकोलीचे वरचे तुरे छान चालतात कारण ते दाण्यासारखेच दिसतात, फ्लॉवर-कोबी थोडं थोडं. हिरवा वाटाणा चिरडून. काकडी आणि लेट्यूस म्हणजे पाणीच आहे, उन्हाळ्यात थंडाव्याला ठीक, पण तेवढंच खाऊन पक्षी भाजी खातो असं समजू नका.

आणि मिरची. नागपूरकराला हे ऐकून मजा वाटेल, पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा लागतच नाही. तिखटाचा चटका देणारं जे कॅप्सेसिन असते ते सस्तन प्राण्यांच्या नसांना झोंबते, पक्ष्यांच्या नसांना नाही, म्हणूनच रानात मिरचीच्या बिया पक्षीच पसरवतात. सावजी रस्सा खाऊन आपल्याला घाम फुटतो आणि ह्या चिमुकल्याला ताजी भिवापुरी मिरची उभी चिरून दिली तर बिया टिपून टिपून खातो. ताजी लाल मिरची व्हिटॅमिन ए ची खाण आहे, आणि बिया असल्यामुळे दाणेबाज पक्ष्याला ती लगेच अन्न वाटते, म्हणून पहिल्या तीन भाज्यांत मी तिला धरतो. फक्त ताजी आणि धुतलेली, तिखटाची पूड नाही, आणि खाल्ल्यावर त्याला खांद्यावर घेऊन गालाला चोच लावू देऊ नका, त्याला झोंबत नाही पण तुम्हाला झोंबेल.

मोड आलेले दाणे

जो पक्षी भाजीकडं बघतच नाही त्याच्यासाठी हा मधला पूल आहे. मोड आलेली बाजरी दिसायला दाणाच असते, चवीला आणि ओलाव्याला भाजीच्या जवळ जाते. पण दाणे किराणा दुकानातले खायचे घ्या. बियाणांच्या दुकानातलं पेरणीचं बियाणं कधीही नाही, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असते, गुलाबी-हिरवा रंग दिसतो तो तोच, ते विष आहे.

चमचा-दोन चमचे बाजरी किंवा कंगनी रात्री धुऊन भिजत घाला, सात-आठ तास, उन्हाळ्यात पाच-सहा पुरे. सकाळी उपसून चाळणीत पसरा, वर ओलं सुती फडकं, आणि दिवसातून दोन-तीनदा पाण्याखाली धरून निथळू द्या. पांढरं टोक तांदळाच्या निम्म्याएवढं दिसलं की द्यायचे, लांब शेपट्या येऊ द्यायच्या नाहीत. नाकाला लावून बघा, ताज्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर ठीक, आंबूस आला किंवा हाताला चिकट लागलं तर मोह न करता फेका. पावसाळ्यात दमट हवेत बुरशी फार लवकर धरते, जुलै-ऑगस्टमध्ये हे नाही केलं तरी चालते. मूग-मटकीचे मोड बारीक चिरून चालतात, राजमा कच्चा किंवा मोडाचा अजिबात नाही.

हे मोड आवडायला लागले की त्यातच बारीक चिरलेला सांभार मिसळा. ओल्या दाण्याला पान आपोआप चिकटते, सोलून वेगळं करणं जमत नाही, पोटात जाते.

कणीस हा असाच दुसरा पूल. कोवळा भुट्टा उभा कापून दाणे फुटलेली बाजू वर करून जाळीला अडकवा, दूध भरलेल्या दाण्याला क्वचितच कोणी नाही म्हणते. हिवाळ्याच्या तोंडाला बाजरीचं किंवा ज्वारीचं ओलं कणीस शेतावरून आलं तर तेही. पण मक्यात स्टार्च जास्त, आठवड्यातून एक-दोनदाच, नाहीतर गडी कंगनी सोडून भुट्ट्यावर अडकतो आणि तुम्ही पुन्हा तिथंच.

शी बघायची सवय लावा

भाजी सुरू झाली की शीच्या भोवती पाणी वाढते आणि लोक घाबरून सगळं बंद करतात. मधली हिरवी गोळी आकारात आहे, पांढरा भाग आहे, आणि भोवती पाण्याचं वर्तुळ मोठं झालं, तर ते भाजीतलं पाणी आहे, जुलाब नाहीत. गाजर-बीटानं रंगही बदलतो. गोळीच विरघळली, घाण वास येतो, किंवा मागची पिसं बरबटली तर तो आजार. आणि उलटी बाजू लक्षात ठेवा, शी एकदम कमी झाली, बारीक आणि काळपट हिरवी झाली म्हणजे पक्षी खातच नाहीये, भाजीचे प्रयोग बंद, दाणे समोर, आणि त्याच दिवशी डॉक्टर. नेहमीच्या कुत्र्या-मांजराच्या डॉक्टरला आधी फोनवर विचारा की पक्षी बघता का, सगळे बघत नाहीत. नागपुरात सेमिनरी हिल्सला व्हेटरनरी कॉलेज आहे, तिथंही विचारता येते.

हे द्यायचं नाही

अवोकाडो सगळ्यात वाईट, तुकडासुद्धा नाही, त्यानं पक्ष्याचं हृदय बंद पडते. कांदा, लसूण, चॉकलेट, चहा-कॉफी, दारू, मीठ लावलेलं आणि तळलेलं काहीही. सफरचंद-नासपतीच्या बिया, आलूबुखाऱ्याची कोय. टमाट्याची पानं-देठ, कच्चा किंवा हिरवा पडलेला आलू. टमाटं स्वतः आंबट आहे, नाही दिलं तर काही बिघडत नाही.

संत्र्याचं विचारतातच सगळे, संत्रानगरीत राहून पक्ष्याला संत्रं नाही म्हणायचं कसं. बोटाच्या पेराएवढी फोड कधीतरी चालते. पण बजी आपलं व्हिटॅमिन सी शरीरात स्वतः तयार करतो, त्याला त्यासाठी फळाची गरज नाही, आणि साखर गोड लागली की भाजी मागे पडते. फळ हे भाजीचा जम बसल्यावर, आठवड्यातून एक-दोनदा, बक्षीस म्हणून.

नागपूरचं हवामान

सुरू करायला सगळ्यात चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मेथी, सांभार, गाजर, वाटाणा सगळं कोवळं आणि स्वस्त, पान दोन-तीन तास टवटवीत राहते, पक्ष्याला भूकही चांगली असते. एप्रिल-मे मध्ये ४५ च्या वर पारा गेला की सकाळी लावलेली जुडी आठच्या आत माना टाकते, कुलरच्या हवेत तर अजून लवकर, आणि पक्षीही दुपारी काही खात नाही, पंख अंगापासून लांब धरून तोंड उघडून बसतो. तेव्हा नवीन काही शिकवायचं नाही. जे खातो ते पहाटे सहाच्या आत द्यायचं, काड्या पाण्याच्या छोट्या बाटलीच्या झाकणात भोक पाडून खोचल्या तर थोड्या जास्त टिकतात (झाकण घट्ट पाहिजे, उघडी बाटली नको, चोच बुडवायला जातो आणि अडकतो). नवतपा (मेअखेरचे नऊ कडक तापणारे दिवस) संपेपर्यंत काकडी, कोहळं, सिमला मिरची ह्यांच्यावर भागवा, पालेभाजी उगाच लावून कुजवू नका. पावसाळ्यात पालेभाजीला चिखल आणि अळ्या असतात, धुणं डबल करा आणि फडक्यावर पसरून कोरडी करून मगच द्या.

रोज सकाळी चिरायला वेळ नसेल तर गाजर, कोहळं, ब्रोकोली, सिमला मिरची एकदम बारीक करून, फडक्यानं टिपून, छोट्या डब्यात फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस ठेवता येते. द्यायच्या आधी बाहेर काढून साध्या तापमानाला आणा, फ्रिजमधली थंडगार भाजी देऊ नका. पालेभाजी मात्र रोजची रोज.

अडलं तर

महिना झाला आणि काहीच नाही, असं होऊ शकते. मोठ्या वयाच्या पक्ष्याला दोन-चार महिनेही लागतात. तीच भाजी रोज लावा, रोज नवीन भाजी लावून बघू नका, कारण ओळख एका गोष्टीची होते, दहा गोष्टींची नाही. पंधरा दिवस सांभार, एकच जागा, एकच वेळ. मग आकार बदला, काडी नाही तर बारीक चिरून, चिरून नाही तर वाफवून. आकार बदलून झाला की जागा बदला. भाजी शेवटी बदला.

एकच भाजी खातो, दुसरी नाही, ही अडचण सोपी आहे. आवडती आणि नवीन एकत्र चिरून द्या, सांभारात मेथी, मेथीत शेवगा.

दोघांपैकी एक खातो आणि दुसरा त्याला हुसकावतो असं असेल तर दोन टोकांना दोन जुड्या आणि दोन ताटल्या. आणि जोडीचं वजन वेगवेगळं लिहा, कारण एकाची शी बघून दुसऱ्याचा अंदाज येत नाही.

दिवाळीत गावाला जाताना शेजारच्या काकूंना पिंजरा सोपवला तर त्यांना भाजीचं काम सांगू नका. त्या प्रेमानं जुडी लावतील, काढायची विसरतील, आणि दोन दिवसांची कुजलेली मेथी पक्षी खात बसेल. दाणे पूर्ण वेळ, पाणी दोनदा, टरफलं फुंकायची, बस. परत आल्यावर दोन दिवस पुन्हा बाहेरून जुडी दाखवा, एकदा ओळख झालेला पक्षी विसरत नाही, जरा रुसतो फक्त.